तासाला साडेआठ हजार डॉलर

एप्रिल १९९४. रवांडात आरटीएलएम नावाचं एक रेडिओ केंद्र होतं. उडती गाणी, निवेदकांचे विनोद आणि मध्येच तुत्सींची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर. ऐकणारे कोयते घेऊन तिथे पोचायचे. साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली.

हे केंद्र बंद पाडता आलं असतं? त्याच फ्रीक्वेन्सीवर जास्त ताकदीचा सिग्नल सोडला, की मूळ आवाज खरखरीत बुडतो. अमेरिकेकडे त्यासाठी विमानं होती. ५ मेच्या टिपणात पेंटागॉनने उत्तर दिलं: डोंगराळ प्रदेशामुळे उपयोग कमी, आंतरराष्ट्रीय करारांची अडचण, आणि खर्च. उड्डाणाच्या एका तासाला सुमारे साडेआठ हजार डॉलर.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा भीती वाटली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नको असलेलं काम टाळायला आम्हीही असंच टिपण लिहितो. प्रत्येक मुद्दा बरोबर, आणि एकूण उत्तर चूक.

अमेरिकेला हात का आखडावासा वाटला, तेही समजतं. सोमालियात ती दुष्काळग्रस्तांना मदत पोचवायला गेली आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूच्या एकाच लढाईत तिचे १८ सैनिक मेले. सोमाली मेले ते शेकडोंनी. पुन्हा आफ्रिकेत अडकायचं नव्हतं. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनेही रवांडातली सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणायचं ठरवलं.

मार्च १९९८ मध्ये क्लिंटन किगालीच्या विमानतळावर आले, आपण पुरेशा वेगाने पावलं उचलली नाहीत असं म्हणाले आणि काही तासांत परतले.

पुढच्याच वर्षी कोसोव्हो. या वेळी थांबायचं नाही म्हणून सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय नाटोने ७८ दिवस बॉम्बफेक केली. २३ एप्रिल १९९९ च्या पहाटे बेलग्रेडच्या सरकारी टीव्ही केंद्रावर क्षेपणास्त्र पडलं. हे प्रचारयंत्र आहे, असं नाटोचं म्हणणं. मेले ते १६ कर्मचारी: तंत्रज्ञ, सुरक्षारक्षक, मेकअप करणारी मुलगी.

एका ठिकाणी आवाज बुडवायला विमान मिळालं नाही, दुसऱ्या ठिकाणी इमारतच उडवली. दोन्ही निर्णय उलटे वाटतात, पण हिशेब एकच. रवांडात आपला पैसा आणि आपली माणसं वाचवायची होती. सर्बियावर वैमानिक सुरक्षित राहावेत म्हणून बहुतेक वेळ पंधरा हजार फुटांवरून हल्ले झाले.

रेडिओ बंद पडला असता तरी कत्तल थांबली असती, असं मी म्हणणार नाही. सैन्य होतं, टोळ्या होत्या, रस्त्यारस्त्यावर नाके होते. पण चुकीचं ठरलं असतं, तर जॅमिंग दुसऱ्या दिवशी बंद करता आलं असतं. क्षेपणास्त्राला रोलबॅक नसतो.

म्हणून बलाढ्य देशाने जावं की जाऊ नये, याआधी मला दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. चूक झाली तर मागे फिरता येईल का? आणि खर्चाच्या रकान्यात नेमके कोणाचे जीव मोजलेत?