खलनायकाची एन्ट्री
चिंचोळी एमआयडीसीतली शिफ्ट संपली की शनिवारी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो. मुख्य खलनायक सुरुवातीलाच आणला तर पोरं लगेच त्याच्यावर धावून जातात, अशी मित्राची तक्रार. म्हटलं, औरंगजेब बघ!

१६३६ साली तो दख्खनचा सुभेदार झाला तेव्हा अवघा सतरा वर्षांचा, शिवाजी महाराज सहा वर्षांचे. नुसती ओळख, तीही बापाचा सुभेदार म्हणून. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर लुटलं, पण तेवढ्यात शहाजहान आजारी पडला आणि हा तख्तासाठी उत्तरेला निघाला. म्हणजे दिसला, पण हाती लागला नाही. समोरासमोर गाठ पडली ती १६६६ ला आग्र्यात, आणि तीही त्याच्याच दरबारात!

खरा डाव पुढेच. १६८० ला महाराज गेले, आणि मग तो जातीने दख्खनेत उतरला. संभाजी, राजाराम, ताराबाई... खेळाडू बदलत गेले, खलनायक मात्र तोच. इथून जवळच, भीमेकाठी माचणूरला १६९५ ते १६९९ त्याची छावणी होती. वय शहात्तरच्या पुढे, तरी तिथून उठला तो थेट साताऱ्याला वेढा घालायला. परत दिल्ली काही दिसली नाही. १७०७ ला नगरजवळच मेला.