लोनाड
लोनाड : महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील एक लहान परंतु प्राचीन खेडे. भिवंडी तालुक्यात, भिवंडी शहराच्या आग्नेयीस सु. १० किमी.वर ते वसले आहे. मध्य रेल्वेचे टिटवाळा स्थानक त्याच्या पूर्वेस असून दक्षिणेस उल्हास नदीचे खोरे आहे. सखल जमीन व भरपूर पाऊस यांमुळे भात हे येथील पारंपरिक पीक होय.

गावाजवळच्या टेकडीत खोदलेले बौद्ध लेणे सर्वसाधारणपणे इ. स. पाचव्या-सहाव्या शतकांतील मानतात. त्याचे काम अपुरे राहिले. तथापि त्यातील राजदरबाराचे शिल्प उल्लेखनीय आहे. पुढे तेथे देवीची उपासना सुरू झाली व ते खंडेश्वरी लेणे म्हणून ओळखले जाऊ लागले.

उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात लोनाडला महत्त्व आले. शिलाहार राजा अपराजित याने शके ९१९ (इ. स. ९९७) मध्ये भादाणे हे गाव लवणेतट येथील लोणादित्य या सूर्यदेवास दान दिले. हे लवणेतट म्हणजेच लोनाड, असे संशोधकांनी ठरविले आहे. ‘तट’ म्हणजे काठ व ‘लवण’ म्हणजे मीठ. त्यावरून या नावाचा संबंध खाडीच्या खाऱ्या पाण्याशी असावा. दानपत्रात शिलाहारांचे पूर्वीचे अधिपती राष्ट्रकूट यांची वंशावळ असून त्यांच्या सत्तेच्या अस्ताबद्दल खेद व्यक्त केला आहे. तेव्हा राष्ट्रकूट सत्ता बुडून दोन तपे लोटली होती. अशा रीतीने एका खेड्याच्या दानपत्रातून दख्खनमधील सत्तांतराचे साक्षात दर्शन घडते.

लोनाड येथील दुसऱ्या अपरादित्याचा शिलालेख शके ११०६ (इ. स. ११८४) चा, तर जवळच्या चौधरपाडा येथील केशिदेवाचा शिलालेख शके ११६१ (इ. स. १२३९-४०) चा आहे. चौधरपाड्याच्या लेखात ब्रह्मपुरी गावाच्या दानाची नोंद आहे. त्यानंतर सु. पाव शतकाने यादव राजा महादेव याने शिलाहारांची सत्ता संपुष्टात आणली.

गावात जुन्या शिवमंदिराचे अवशेष आहेत. लोणादित्याचे मंदिर मात्र आज केवळ ताम्रपटातील उल्लेखावरून ज्ञात आहे. अलीकडील दशकांत भिवंडी परिसरातील शेतजमिनींवर मोठ्या प्रमाणात गोदामे उभी राहिली असून, समृद्धी महामार्गाचे मुंबईकडील टोकही याच तालुक्यात आमणे येथे आहे. लेखांतील गावे व देवस्थाने यांची ओळख स्थलनामे व भूरचना यांच्या आधारेच पटते. म्हणून बदलत्या भूदृश्यात येथील अवशेषांचे मूळ जागीच जतन होणे कोकणच्या इतिहासाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.