मोटारीच्या स्पीकरमधील शिट्टी

अंधेरीहून बोरिवलीकडे जाताना गाडीचा वेग वाढताच स्पीकरमधून बारीक शिट्टी उमटू लागते. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारा हा सूर बहुधा अल्टरनेटरचा असतो. त्यात निर्माण होणारी प्रत्यावर्ती वीज डायोडमुळे एकदिश होऊन सुमारे १४ व्होल्ट दाबाने बॅटरीस मिळते. तथापि तीत थोडी लहर उरतेच. स्टिरिओ व अॅम्प्लिफायर यांचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असले, की ती लहर ध्वनीत शिरते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगचा जोड गंजल्यास त्रास वाढतो. फिल्टरवर पैसे खर्चण्याची घाई नको. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी, जोडाखालील रंग व गंज खरवडावा आणि दोन्ही उपकरणांचे अर्थिंग एकाच जागी घट्ट आवळावे. ध्वनीची तार विजेच्या तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. एवढे करूनही शिट्टी राहिल्यास अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्यावेत.