चहाचा विसावा आणि पंक्तीचा प्रश्न

चार माणसांत बसून सावकाश चहा घ्यावा, त्याने मनाला विसावा मिळतो, ही कल्पना आज सर्वमान्य आहे. महाराष्ट्रात हा विसावा प्रारंभी निर्वेध नव्हता, हे पुण्याच्या पंचहौद मिशनमधील १८९० च्या प्रसंगावरून दिसते. व्याख्यानानंतर तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. न्यायमूर्ती रानडे व टिळक उपस्थितांत होते. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला तसाच ठेवला. परंतु गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली आणि हा भेद निरर्थक ठरला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन चौकशी झाली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी ते १८९२ मध्ये घेतले व सुधारकांचा रोष ओढवून घेतला. स्नेह्यांची कौटुंबिक कुचंबणा टळावी म्हणून त्यांनी तसे केले. तेव्हा तो रोष आम्हांस काहीसा कठोर वाटतो.

वाद पेयाचा नव्हता, ते कोणाच्या हातचे, ह्याचा होता. पुढे चहाची दुकाने गावोगाव झाली, तरी अस्पृश्य मानलेल्यांचा कप कित्येक ठिकाणी वेगळाच राहिला. तो त्यांनी स्वतः विसळून ठेवावयाचा आणि चहा बाहेर बसूनच घ्यावयाचा, अशी रूढी होती.