शेकोटी (खानदेश)

तापीच्या खोऱ्यातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत हिवाळ्यात ऊब घेण्यासाठी पेटवला जाणारा विस्तव. थंड देशांतल्या घरांत भिंतीच्या कोनाड्यात काचेच्या दाराची लोखंडी शेगडी बसवतात, तशी सोय खानदेशात कधी रुजली नाही. इथले घर उन्हाळ्यासाठी बांधलेले आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून जाड मातीच्या भिंती आणि वर धाबे. थंडी मात्र खरी असते. उत्तरेचे वारे सुटले की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील नोंदीत किमान तापमान काही वर्षी ६ अंशांखाली उतरते. पण अशा रात्री मोजक्या आणि दुपारी पुन्हा ऊन. त्यामुळे इथली निवड शेगडीची कमी, जळणाची जास्त.

मुख्य जळण पऱ्हाटी. कापसाची शेवटची वेचणी झाली की वाळलेली झाडे उपटून बांधावर किंवा घरामागे रचतात. पऱ्हाटी चटकन पेटते, उंच जाळ देते, पण तिचा निखारा टिकत नाही. वांग्याच्या भरितासाठी हाच गुण हवा असतो : साल भराभर करपते, आतला गर शिजतो आणि धुराचा वास मुरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे कोणताही जळगावकर सांगेल. रात्रभर ऊब हवी असेल तर बाभूळच घ्यावी. तिचा निखारा सावकाश विझतो. अंजनाचे लाकूड त्याहून जड व चिवट. तुराट्या पेटवणापुरत्या, गोवरी धुमसत ठेवण्यासाठी. कोणतेही लाकूड एक उन्हाळा वाळलेले हवे. ओल्या लाकडातली बरीच उष्णता पाणी आटवण्यात जाते आणि धूर होतो.

यावल-रावेरच्या केळीबागांत मात्र धूरच हवा असतो. कडाक्याच्या थंडीत केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात. म्हणून शेतकरी पहाटे बागेच्या कडेने ओलसर काडीकचरा पेटवतात आणि रात्री विहिरीचे कोमट पाणी सोडतात.

शेकोटीची जागा अंगणात किंवा ओट्यासमोर. निखाऱ्यांचे घमेले दार लावून खोलीत ठेवून झोपणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. जुन्या घरांत धूर जायला धाब्यात झरोका असे. आजच्या स्लॅबच्या बंद खोलीत तोही नाही. घरातल्या चुलीच्या धुराचा त्रास बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला. १९८३ मध्ये सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून निर्धूर चूल गावोगाव पोचली. तिचे खरे मर्म धुराड्यात होते. नळी काजळीने बुजली की ती पुन्हा साध्या चुलीसारखी घर भरून धूर देई.

कोणाला बंद लोखंडी शेगडी बसवायचीच असेल, तर तिचे गणितही तेच आहे. उघड्या विस्तवाची बहुतेक ऊब धुरासोबत निघून जाते; बंद शेगडीत हवा मोजून आत घेता येते, म्हणून थोड्या लाकडात खोली तापते. शेगडी खोलीच्या मानाने लहानच निवडावी. मोठी घेतली तर ती दाबून, धुमसत ठेवावी लागते आणि नळीत डांबरासारखा थर साचतो, जो पुढे पेट घेऊ शकतो. नळी छपराच्या वर काढावी, दर हिवाळ्यापूर्वी झाडावी. खानदेशच्या दोनेक महिन्यांच्या थंडीसाठी एवढा खर्च क्वचितच परवडेल.

पऱ्हाटीच्या साठ्याबाबत एक सावधगिरी हवी. तिच्यावर राहिलेल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते. २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान केले. त्यामुळे शेताच्या कडेला पऱ्हाटीचे ढीग पुढच्या लागवडीपर्यंत ठेवू नयेत. जळणापुरती घरी आणलेली पऱ्हाटी बोंडे झाडून आणावी आणि ती बोंडे तिथेच जाळावीत.