वाळूतलं पिंप

तुम्ही पोहोचता तेव्हा पहाट आहे, आणि वाऱ्याला मासळीचा असा दाट वास आहे की तो जिभेवर बसतो. साल १९९१, जानेवारीचा शेवट. प्रशांत महासागराच्या काठचं चिंबोते हे पेरूमधलं बंदर. अँकोव्ही ही बारीक मासळी उकडायची, वाळवायची, दळून तिचं पीठ परदेशी पाठवायचं, यावर हे गाव पोसलेलं.

तुमच्या मागून एक हातगाडी येते. तिच्यावर पडलेला माणूस काल संध्याकाळी धडधाकट होता. आता डोळे खोल गेलेत, गालफडं बसलीत, बोटांची टोकं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली आहेत. रुग्णालयाच्या दारातच नर्स त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरते आणि सोडते. चिमूट तशीच उभी राहते. गाडीखाली ठेवलेल्या बादलीत तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी पडतंय.

तुम्हाला या दुखण्याचं नाव ठाऊक आहे. पटकी. तुमच्या गावाच्या वेशीवर मरीआईचं देऊळ आहे, आणि आजीच्या गोष्टींत एकेका रात्रीत ओस पडलेली घरं आहेत. इथल्या डॉक्टरांनी मात्र हे फक्त पुस्तकात वाचलंय. दक्षिण अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षं कॉलराची साथ नव्हती. त्यात स्पॅनिशमध्ये ‘कोलेरा’ म्हणजे संतापही. म्हणून लोक पहिल्यांदा तो शब्द ऐकतात तेव्हा क्षणभर गोंधळतात.

लिमाच्या उत्तरेला चांकाय नावाचं गाव आहे, तिथेही असेच रुग्ण आलेत. किनाऱ्यावर एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या गावांत एकाच सुमारास रोग उगवतो, तेव्हा ‘कुणी आणला’ याची कुजबुज सुरू होते. परदेशी जहाजांवर बोट जातं. पुढे अनेक वर्षांनी जंतूच्या जनुकांचा अभ्यास होईल आणि त्याचं नातं आफ्रिकेतल्या जंतूशी जुळेल. पण या पहाटे तो प्रश्न कुणाच्या कामाचा नाही. काम आहे ते हातगाडीवरच्या माणसाची शीर सापडण्याचं.

फेब्रुवारी उजाडतो. तुम्ही लिमात आहात. प्रयोगशाळेनं जंतू ओळखलाय आणि सरकारपुढे एक जुनाच पेच आहे: सांगायचं की दडपायचं? सांगितलं तर इतर देश पेरूची मासळी बंदरातूनच परत पाठवणार, पर्यटक पाठ फिरवणार. आणि देशाची अवस्था आधीच कशी आहे? १९९० मध्ये महागाई वर्षाला ७,००० टक्क्यांच्या वर गेली. त्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांच्या सरकारनं अनुदानं काढली आणि इंधनाचे भाव एका रात्रीत कित्येक पटींनी चढले. डोंगरात आणि आता शहरातही ‘शायनिंग पाथ’ या माओवादी बंडखोरांचे बॉम्ब फुटतायत. अशा वेळी आरोग्यमंत्री कार्लोस विदाल उघड सांगतात की हा कॉलरा आहे. पाणी उकळून प्या, हात धुवा, कच्ची मासळी खाऊ नका, जुलाब लागले तर थांबू नका. रेडिओवर, टीव्हीवर, भिंतींवर हेच. साथीच्या इतिहासात हा खरेपणा फार वेळा दिसत नाही, म्हणून तुम्ही इथे जरा रेंगाळावं असं मला वाटतं.

पण मग तुम्ही शहराच्या दक्षिणेला जाता. विया एल साल्वादोर. १९७१ मध्ये वाळवंटात लोकांनी चटया उभ्या करून वसवलेली वस्ती, आता लाखोंची. लिमात पाऊस जवळजवळ पडतच नाही. पायाखाली वाळू, डोक्यावर फेब्रुवारीचं ऊन. या शहराच्या कडेच्या वस्त्यांत, जिथे नळ पोहोचला नाही तिथे, दारापुढे एक पत्र्याचं पिंप उभं असतं. टँकर येतो, बायका धावतात. नळवाल्या सुखवस्तू घरांपेक्षा या बायका दर लिटरला कितीतरी जास्त पैसे मोजतात. आणि ते पाणीही पिंपात, उघड्यावर. त्यात तांब्या बुडतो, पोराचा हात बुडतो.

एक बाई पिंपाशी उभी आहे. मंत्र्यांचं सांगणं तिनं ऐकलंय. ती तुम्हाला रॉकेलचा डबा हलवून दाखवते. तळाशी थोडंसं खळखळतं.

“उकळीन हो,” ती म्हणते, “पण मग स्वयंपाक कशावर करू?”

या प्रश्नाला राजधानीतल्या कुठल्याही पत्रकात उत्तर नाही. उत्तर दोन गल्ल्या पलीकडे आहे. तिथे ‘कोमेदोर पोपुलार’ चालतं: पंचवीस-तीस घरांच्या बायकांनी मिळून चालवलेलं सामाईक स्वयंपाकघर. प्रत्येकीनं वेगळी चूल पेटवण्याऐवजी एकच मोठं पातेलं. महागाईत ती स्वयंपाकघरं वाढली होती. जिथे सगळ्यांचं अन्न एका आचेवर शिजतं, तिथे पाणीही एका आचेवर उकळता येतं. ज्यांना तेही जमत नाही त्या पाण्यात मोजून ब्लीचचे थेंब टाकतात. वस्तीच्या महिला संघटनेतून पुढे आलेली मारिया एलेना मोयानो हे सगळं बांधून ठेवणाऱ्यांपैकी एक. पुढच्या वर्षी, १५ फेब्रुवारी १९९२ ला, शायनिंग पाथवाले तिला मारतील. तुम्हाला ते माहीत आहे आणि कुणालाही सांगता येत नाही.

रात्री तुम्ही रुग्णालयात जाता. खाटा संपल्यात. व्हरांड्यात बाकांवर, खुर्च्यांवर, जमिनीवर माणसं. गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. उपचार नसेल तर अशा रुग्णांतले निम्मे दगावतात. सलाईन त्यांच्यासाठीच राखून ठेवलंय. बाकी सगळ्यांसाठी एक पाकीट, लिटरभर उकळून गार केलेलं पाणी आणि चमचा. पाकिटात ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो.

हे पाकीट तुमच्या ओळखीचं आहे, आणि वीस वर्षांपूर्वीच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावचंही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून पळालेल्या निर्वासितांत पटकी पसरली, शिबिरांत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर, सोड्याचं पाणी पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिलं. आधी शंभरात तीसपर्यंत मरत होते, त्यांच्या देखरेखीखाली ते प्रमाण चारच्या खाली आलं. इथे लिमात आता एक आई लेकराच्या ओठांशी चमचा धरते. ते ओकतं. नर्स सांगते, दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा, सावकाश. पहाटेपर्यंत असंच. उजाडताना पोर रडतं, आणि गालावरून पाणी ओघळतं. नर्स ते अश्रू बघून पुढच्या खुर्चीकडे वळते. अंगात पाणी परतल्याशिवाय डोळ्यांत येत नाही.

मार्च. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी सेविचे खातायत: लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, देशाचं लाडकं खाणं. कोळ्यांची चूल विझलीय, बाजारात मासळी पडून सडतेय, आणि सरकारला लोकांचा विश्वास परत हवाय. आरोग्यमंत्री खाऊ नका म्हणतायत, राष्ट्राध्यक्ष खाऊन दाखवतायत. त्याच महिन्यात विदाल पद सोडतात. पुढे अभ्यासांत दिसेल की लिंबाचा आंबटपणा जंतूला बऱ्यापैकी मारतो आणि खरी वाट पाण्याचीच होती. मग मंत्री चुकले का? मला तसं वाटत नाही. माणसं मरत असताना, हाती अपुरी माहिती असताना, त्यांनी लोकांच्या जिवाकडे बघून तोंड उघडलं. कोळ्यांचं दुःखही खोटं नव्हतं. त्यांच्या भाकरीची सोय करणं हे सरकारचं काम होतं, आणि ते टीव्हीवर मासळी खाऊन होत नाही.

साथ डोंगर ओलांडते आणि ॲमेझॉनच्या जंगलात उतरते. इथे आरोग्यकेंद्र म्हणजे होडीनं कित्येक तास. काही नदीकाठच्या गावांत शंभरातली दहाहून जास्त माणसं जातात, बहुतेक घरीच, पाकीट पोहोचण्याआधी. तेच औषध, तोच देश, फक्त अंतर वेगळं.

वर्षअखेर पेरूमध्ये ३ लाख २२ हजारांवर रुग्ण मोजले गेले आणि २,९०९ मृत्यू. शंभरामागे एकही नाही. दिवाळखोर देशाच्या डॉक्टर, नर्स आणि बायाबापड्यांनी ते करून दाखवलं. नळ मात्र कुणाला त्या वर्षात टाकता आले नाहीत.

तुम्ही निघण्यापूर्वी पुन्हा वाळूतल्या त्या दाराशी जाता. टँकर नुकताच गेलाय. पिंपावर आता लाकडी झाकण आहे, झाकणावर दगड. तांब्या आत बुडत नाही, तो खिळ्याला टांगलाय. बाई स्टोव्हला पंप मारते, पातेलं ठेवते, आणि पाणी उकळेपर्यंत रॉकेलच्या डब्याकडे बघत बसते.