जुन्या कारचा सायलेन्सर बदलताय? हात कुठपर्यंत लावायचा ते आधी समजून घ्या

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की एखाद्या दिवशी खालून फर्रर्र असा आवाज सुरू होतो. गॅरेजवाला वाकून बघतो आणि सांगतो, "सायलेन्सर गेला." मग प्रश्न पडतो, कंपनीचाच पार्ट घ्यायचा की बाहेरचा, म्हणजे आफ्टरमार्केट? आणि एवढं खोलतोच आहोत तर जरा दमदार आवाजाचा बसवायचा का? उदाहरण म्हणून आपण २०१४ ची बीएस४ पेट्रोल कार घेऊ, कारण माझ्या घरी तीच आहे.

गाडीच्या खाली नेमकं काय असतं?

इंजिनला चिकटून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, मग पहिला ऑक्सिजन सेन्सर, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गॅरेजच्या भाषेत नुसतं 'कॅट'), त्यानंतर दुसरा सेन्सर, मधला पाइप आणि शेवटी तो डबा, ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो.

बहुतेक वेळा आधी सडतो तो हा डबा, आणि तोही आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात त्याची वाफ होऊन जाते. पण रोज तीन किलोमीटर ऑफिस आणि परत असं चालवलं तर डबा नीट तापतच नाही, पाणी आत साचतं आणि पत्रा गंजतो. कोकणात खारी हवा असते, त्यामुळे तिथे बाहेरूनही तेच चालू असतं.

कॅटच्या मागचा भाग म्हणजे पाइप आणि आवाजाचा मामला. तिथे चांगला बाहेरचा पार्ट बिनधास्त बसवा. कॅट आणि इंजिनकडचा भाग मात्र गाडीच्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीयूशी जोडलेला असतो. तिथे जुगाड नको.

जुगाड का नको?

पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बरोबर आहे का, ते पहिला सेन्सर सतत ईसीयूला कळवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा फीडबॅक लूप आहे. आता सेन्सरच्या आधीच्या जोडावर बारीक गळती असेल तर तिथून बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू आणखी पेट्रोल सोडतो. मायलेज पडतं, आणि जास्तीचं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन त्याचीही वाट लागते.

माझ्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला, कोड आला पी०४२०, म्हणजे 'कॅट नीट काम करत नाही'. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, "कॅट काढून टाकू, सरळ पाइप टाकतो, गाडी पळेल. जुना माल आमच्याकडे." मी एक दिवस मागून घेतला. सकाळी थंड गाडी सुरू करून जोडांजवळ (हात न लावता) कान दिला तर कॅटच्या फ्लँजपाशी टिकटिक ऐकू आली. गॅस्केट फुटलं होतं! ते बदललं, कोड पुसला, पुन्हा आला नाही. कॅट ठणठणीत होता. आणि 'जुना माल' म्हणजे काय? कॅटच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. भंगारात त्याला चांगला भाव आहे. कॅट खरंच बदलावा लागला तर जुना तुमचा आहे, मागून घ्या.

विकत घेताना

साध्या पत्र्याचा डबा स्वस्त, पण लवकर जातो. ॲल्युमिनाइज्ड स्टीलचा बऱ्यापैकी टिकतो. स्टेनलेसमध्ये ४०९ आणि ३०४ हे ग्रेड जास्त दिसतात. विकणारा '३०४' म्हणत असेल आणि लोहचुंबक घट्ट चिकटलं, तर ते ३०४ नाही. (४०९ ला चुंबक चिकटतं, म्हणून ते वाईट असं नव्हे.) पाइपचा व्यास मूळचाच ठेवा. छोट्या इंजिनला जाड पाइप लावून ताकद वाढत नाही, फक्त आवाज वाढतो.

बसवताना

गाडी पूर्ण थंड असू द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, जॅक स्टँड हवेतच. गंजलेल्या नट-बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. गॅस्केट आणि रबर हँगर नवेच घ्या, जुन्या लोंबकळत्या रबरांमुळे नवीन पाइपही खडखडतो. वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नाहीतर ईसीयूला धोका. शेवटी सगळे जोड तपासा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, गळती होऊन तो केबिनमध्ये शिरला तर जिवावर बेतू शकतं.

कायदा काय म्हणतो?

मूळ पार्टसारखाच सायलेन्सर बसवणं म्हणजे दुरुस्ती. कॅट काढणं किंवा कर्कश आवाजाचा डबा लावणं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) आहे. त्यात पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

काम झाल्यावर मोबाइलवर तपासा

ईएलएम३२७ चा ब्लूटूथ डोंगल ओबीडी सॉकेटमध्ये लावा आणि टॉर्कसारख्या ॲपमध्ये 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा. कामाच्या आधी एक स्क्रीनशॉट, नंतर आठवडाभर गाडी चालवून दुसरा. आकडा साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर ठीक. काम झाल्यावर तो अधिककडे सरकत गेला, तर नवीन जोडावर गळतीचा संशय घ्या आणि गॅरेजवाल्याला दोन्ही स्क्रीनशॉट दाखवा.

पीयूसीला जाताना पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून जा. थंड कॅट काम करत नाही, आणि बीएस४ पेट्रोल कारसाठी आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के एवढीच आहे. नवीन डब्यातून पहिल्या दिवशी थोडा धूर आणि रंग जळाल्याचा वास येतो, त्याला घाबरू नका. दोन दिवसांनीही येत राहिला तर मात्र गाडी परत रॅम्पवर घ्या.